तुम्ही विचारलंत म्हणून: कोण किती मिनिटं खेळणार हे सीझनच्या आधीच कसं सांगतेस?

दर ऑक्टोबरला, कॉलेज बास्केटबॉलचा सीझन जवळ आला की, हा प्रश्न येतोच. ऑफिसात येतो, मंडळाच्या दिवाळीत येतो, पुण्याहून मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो (तो भल्या पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणारा माणूस), की अगं ताई, अजून एक मॅच झाली नाही आणि तू सांगतेस की हा बावीस मिनिटं खेळेल, तो बेंचवरून येईल पण शेवटच्या चार मिनिटांत कोर्टवर असेल, हे कसं काय? आणि दुसरा प्रश्न, तुला एवढं काय पडलंय त्याचं? दोन्हींची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

मी केंटकीत राहते, लेक्सिंग्टनला. इथे क्रोगर सुपरमार्केटमध्ये बिलाच्या लाइनीत उभं असताना अनोळखी आजीबाई पॉइंट गार्डच्या (बॉल पुढे आणून खेळ चालवणाऱ्या पोराच्या) खांद्याची चौकशी करतात, केंटकी युनिव्हर्सिटीच्या मॅचेस होतात त्या रप अरेनात वीस हजार माणूस बसतं, आणि सप्टेंबरपासून सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय, यंदा पहिले पाच कोण. मला तो विषय आधीपासूनच अर्धवट वाटतो, ते पुढे सांगते.

आधी हिशोब. कॉलेजच्या मुलांची मॅच ४० मिनिटांची, वीस-वीसचे दोन हाफ. कोर्टवर पाच जण. म्हणजे ओव्हरटाइम नसेल तर कोचकडे वाटायला २०० मिनिटं आहेत, त्याच्या वर एक सेकंदही नाही. आता कुठल्याही फॅनला यादी करायला सांगा, तो प्रत्येक पोराचं कौतुक करत करत ह्याला २८, त्याला ३०, हा नवीन आलाय तो तर कमाल आहे त्याला २५, असं करत जातो आणि बेरीज २४० च्या पुढे जाते. सगळ्यांची यादी बेरजेची असते, माझी वजाबाकीची. एखादा पोरगा चांगला आहे का हा माझा प्रश्नच नसतो, इथे आलेला प्रत्येक जण चांगलाच असतो, आपापल्या राज्यात स्टार असतो. प्रश्न हा की ह्याला १० मिनिटं द्यायची तर ती कोणाच्या ताटातून काढायची. नाव सांगता येत नसेल तर ती १० मिनिटं नाहीत.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण इथलंच आहे, २०१४-१५ ची केंटकी युनिव्हर्सिटीची टीम. कॅलिपारी कोच. त्यांच्याकडे इतकी पोरं होती की त्यांनी पाच-पाचच्या दोन पलटणीच केल्या, प्लॅटून म्हणायचे. पहिल्या पाचात हॅरिसन जुळे भाऊ, पॉयथ्रेस, कॉली-स्टाइन आणि कार्ल-अँथनी टाउन्स. दुसऱ्या पाचात टायलर युलिस, डेव्हिन बुकर, ट्रे लाइल्स, मार्कस ली, डकारी जॉन्सन. काही मिनिटं झाली की पाचही बाहेर, नवे पाच आत. नोव्हेंबरात कॅन्ससला ७२-४० ने धुतलं. डिसेंबरात पॉयथ्रेसचा गुडघा गेला, एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट), आणि दहाचे नऊ झाले, प्लॅटून तिथेच मोडली, पण वाटून खाण्याची पद्धत राहिली. अख्ख्या सीझनची सरासरी बघा, एकही खेळाडू २७ मिनिटांच्या वर गेला नाही. टाउन्स २१ च्या आसपास खेळला आणि त्याच जूनमध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये (तिथे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात) पहिल्या नंबरवर गेला! बुकरने वर्षभर एकदाही स्टार्ट केलं नाही, म्हणजे पहिल्या पाचात तो कधीच नव्हता. आज त्याचं नाव माहीत नसलेला एनबीए फॅन मिळणार नाही.

म्हणजे मिनिटं ही टॅलेंटची मोजपट्टी नाही. ह्या एका गोष्टीवर माझा अर्धा अंदाज उभा आहे.

ती टीम ३८-० होती आणि फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार टीममध्ये पोहोचून, विस्कॉन्सिनकडून ७१-६४ ने हरली, इंडियानापोलिसला, ४ एप्रिल २०१५. इथे अजून लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. पण माझ्या मुद्द्यासाठी जास्त कामाची टीम त्याच वर्षीची ड्यूक युनिव्हर्सिटीची आहे. जानेवारीत एकाला टीममधून काढलं आणि तिथले कोच, ज्यांना सगळे कोच के म्हणतात, त्यांच्याकडे स्कॉलरशिपवाले आठच उरले. केंटकीत दहा जणांत वाटायचं, ड्यूकमध्ये आठांत, तरी २०० मिनिटं दोघांकडे सारखीच. त्या आठांत ग्रेसन अ‍ॅलन नावाचा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा पोरगा, होता, सरासरी नऊ-एक मिनिटं. फायनलला विस्कॉन्सिनसमोर ड्यूकचा सेंटर ओकाफोर फाउलमध्ये अडकला, ड्यूक दुसऱ्या हाफमध्ये नऊने मागे, आणि ह्या पोराने सलग आठ पॉइंट काढले, एकूण १६, ड्यूक ६८-६३ ने जिंकली. लोक हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकतात की बघ, तुझ्या कागदावर हे कुठे असतं. असतं ना. माझ्या कागदावर प्रत्येक मोठ्या खेळाडूसमोर एक नाव लिहिलेलं असतं, हा फाउलमध्ये अडकला तर कोण. कॉलेजात पाच फाउलला माणूस बाहेर, एनबीएत सहाला. त्यामुळे पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बरेच कोच त्याला हाफटाइमपर्यंत बसवून टाकतात, आणि तिथे एकदम सात-आठ मिनिटं मोकळी होतात. ती कोणाची हे ऑक्टोबरातच ठरवता येतं. फक्त कोणत्या रात्री ते सांगता येत नाही.

बाकी पद्धत अशी काही गूढ नाही. मी पाच पोझिशन धरत नाही, तीन धरते, बॉल हाताळणारे, विंगवाले (कोर्टच्या बाजूंना खेळणारे) आणि मोठे (रिंगजवळचे उंच). बॉल हाताळणारे दोनच असतील तर दोघांचीही मिनिटं वाढवायची, मग त्यातला एक कितीही कच्चा असो, कारण प्रेसमधून, म्हणजे समोरचे कोर्टभर अंगावर येतात तेव्हा, बॉल पुढे आणायला कोणीतरी लागतोच. विंगवाले सहा असतील तर त्यातले दोन जानेवारीत गायब होणार, मग ते कितीही गुणी असोत. कोच नवा असेल तर त्याच्या आधीच्या टीमचे फेब्रुवारीचे बॉक्स स्कोअर (मॅचमधले प्रत्येक खेळाडूचे आकडे) बघायचे, नोव्हेंबरचे अजिबात नाही. नोव्हेंबरात छोट्या कॉलेजांना तीस-चाळीसने हरवताना सगळेच खेळतात, त्या आकड्यांना काही अर्थ नसतो.

आणि पहिले पाच. बाबांनो, पहिले पाच म्हणजे फक्त नावं पुकारली जातात ते. २०२३-२४ ला केंटकीचा रीड शेपर्ड जवळपास सगळ्या मॅचेसना बेंचवरून आला आणि तरी २९ च्या आसपास मिनिटं खेळला, ड्राफ्टमध्ये तिसरा गेला. सोबतचा डिलिंगहॅमही बेंचवरून यायचा, तो आठवा. मी आधी शेवटचे पाच लिहिते, म्हणजे चार मिनिटं उरलीत, स्कोअर जवळजवळ बरोबरीत आहे, कोच कोणाला कोर्टवर ठेवेल. ते पाच लिहिले की निम्म्याहून जास्त मिनिटं आपोआप बसतात, उरलेली बाकीच्यांत वाटायची.

आता ते कसं ओळखायचं, तर रप अरेनात बॉलकडे बघणं सोडायला लागतं. बॉल कोपऱ्यात जातो, तेव्हा पलीकडच्या बाजूच्या पोराने आपला माणूस सोडून रिंगखाली एक पाऊल आत यायचं असतं. फ्रेशमन अर्धा सेकंद उशीर करतो, आपल्याच माणसाकडे बघत राहतो, आणि सोपा लेअप (अगदी रिंगजवळून टाकलेला बॉल) जातो. वीस हजार लोक ज्याच्यावर लेअप झाला त्याच्यावर ओरडतात. कोच ओरडत नाही, नुसती मान बेंचकडे वळवतो, एक नाव घेतो, आणि तो दुसरा पोरगा वॉर्मअपचा शर्ट काढत काढतच स्कोअरर टेबलसमोर जाऊन गुडघ्यावर बसतो. पुढच्या शिट्टीला हॉर्न, फ्रेशमन बाहेर. आता तो बसतो कुठे ते बघा. असिस्टंट कोचने शेजारी बसवून घेतलं आणि बोटाने तीच जागा दाखवत बोलायला लागला, तर हा पुढच्या टाइमआउटनंतर परत येणार. कोणीच काही बोललं नाही आणि तो चालत चालत बेंचच्या टोकाला गेला, तर महिनाभर त्याच्या नावापुढे मी चारच्या वर आकडा लिहीत नाही.

अलीकडे हे सगळं अवघड झालंय हे खरं. २०२१ पासून पोरांना एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बसायला लागत नाही, पुढे तर ते आणखी सैल झालं, त्यामुळे टीम एका उन्हाळ्यात पूर्ण नवी होते. २०२४ ला कॅलिपारी आर्कान्सॉला गेले, मार्क पोप आले (ते स्वतः १९९६ च्या चॅम्पियन टीममधले, त्या टीममधले नऊ जण पुढे एनबीए खेळले, तेव्हा मिनिटांचे हाल त्यांना सांगायला नको), आणि स्कॉलरशिपवाला एकही जुना खेळाडू उरला नव्हता. सॅन डिएगो स्टेटचा गार्ड, ड्रेक्सेलचा सेंटर, ओक्लाहोमाचा विंग, डेटनचा शूटर, ह्यांनी एकत्र एकही मॅच खेळलेली नाही आणि आपण मिनिटं वाटायची. तेव्हा मी एकच धरून चालले, जॅक्सन रॉबिन्सन आधी बीवाययू ह्या कॉलेजात पोपकडेच खेळलेला, त्याला सिस्टिम पाठ आहे, त्याच्यापासून सुरुवात. मग सीझनमध्ये दुखापतींनी गार्डच्या जागा रिकाम्या केल्या आणि ट्रॅव्हिस पेरी, केंटकीच्या हायस्कूल मुलांमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्सचा रेकॉर्ड ज्याच्या नावावर तो पोरगा, त्याला थोड्या मॅचेस सुरुवातीपासून मिळाल्या. पुढच्या वर्षी तो मिसिसिपीला गेला. राज्याचा लाडका पोरगा होता, मला फार वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

आणि हेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एकोणीस वर्षांचा मुलगा घर सोडून आलाय, रोज पहाटे जिममध्ये जातो, आणि शनिवारी त्याच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. ती सहा का आली, आठ का नाही आली, हे कोणीतरी नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. बेटिंगसाठी कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. पोराच्या आकड्यांवर पैसे लावायचे आणि बुडाले की त्यालाच इन्स्टावर शिव्या घालायच्या, ह्याला मी हातभार लावणार नाही. एनसीएए ह्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या अध्यक्षांनीही २०२४ मध्ये राज्यांना सांगितलं की एकेका कॉलेज खेळाडूवरच्या असल्या बेट बंद करा, ते अगदी योग्य आहे.

मंडळातले आईबाप वेगळं विचारतात. मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या टीममध्ये आहे, कोच खेळवतच नाही, आम्ही जाऊन बोलू का? मी म्हणते कोचकडे जाऊ नका, मुलालाच विचारायला सांगा, आणि "मला का खेळवत नाही" असं नाही, "अजून चार मिनिटं मिळवायला काय करू" असं. मग त्यांना रीडच्या वडिलांचं सांगते. जेफ शेपर्ड ह्याच केंटकीत होते, १९९६-९७ ला त्यांच्या जागेवर रॉन मर्सर आणि डेरेक अँडरसन असल्यामुळे ते रेडशर्ट झाले, म्हणजे धडधाकट असून अख्खं वर्ष एकही मॅच नाही, फक्त प्रॅक्टिस. १९९८ ला केंटकी चॅम्पियन झाली तेव्हा फायनल फोरचे सर्वोत्तम खेळाडू तेच होते. सगळ्यांचं असं होत नाही, हेही मी लगेच सांगते, कारण बहुतेकांचं होत नाही. पण त्या वर्षी त्यांची मिनिटं शून्य होती, आणि ती शून्यच असणार होती, कोणीही कोच असता तरी.

तर ह्या वर्षीची पक्की यादी हवी असेल तर आत्ता मागू नका. डिसेंबरच्या मध्यावर मागा, दोन-तीन तगड्या टीमशी गाठ पडून झालेली असेल, तेव्हा आठ-नऊ नावं आणि २०० ची बेरीज घेऊन मी तयार असेन.