गोटा फुटला, अमोनाईट गेला: या महिन्याचं अपडेट

मागच्या वेळी सांगितलं होतं ना पाच आयर्नस्टोनचे (लोहयुक्त दगडाचे, आत जीवाश्म असू शकतो असे) गोटे भिजत घातलेत म्हणून, त्यातला एक अखेर उघडला, सतराव्या फेरीला! रात्रभर पाण्यात, मग फ्रीजर, मग वितळू द्यायचं, की परत तेच. हातोडीचा मोह फार होतो पण हातोडीने गोटा वाट्टेल तिथे फुटतो, पाणी मात्र जीवाश्माच्या कडेने शिरतं कारण दगड तिथेच कच्चा असतो, आणि बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे बहुतेक वेळा तिथूनच दोन फाका होतात. आत फर्नचं पान निघालं, बोटाच्या पेराएवढं, मधली शीर काळी कुळकुळीत, एका फाकेवर उठाव आणि दुसरीवर त्याचा खळगा.

हे गोटे मॅझन क्रीकचे, अमेरिकेतल्या इलिनॉयमधले, साधारण ३१ कोटी वर्षं जुने. पान गाळात झटकन गाडलं गेलं, कुजवणाऱ्या बॅक्टेरियाने कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याचं पाण्यातल्या लोहाशी जमून सिडेराईट (लोहाचं कार्बोनेट खनिज) झालं आणि आजूबाजूचा चिखल तिथल्या तिथे घट्ट. म्हणजे पान कुजायला लागलं म्हणून टिकलं, ही भानगड मला दरवेळी भारी वाटते. मऊ अंगाचे प्राणीसुद्धा तिथे सापडतात, टली मॉन्स्टर नावाचा मऊ अंगाचा विचित्र प्राणी तर फक्त तिथलाच.

आता वाईट बातमी. पायराईटवाला (लोह-गंधकाच्या खनिजाचा झालेला) अमोनाईट, म्हणजे गुंडाळीच्या शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, गेला. डबा उघडला तर गंधकासारखा उग्र वास, तळाला पिवळट राखाडी भुकटी, खालचं लेबल तपकिरी होऊन हात लावताच तुटलं. चूक माझीच, धुतला आणि नीट न वाळवता बंद केला. इथेही कारभार बॅक्टेरियाचाच, ऑक्सिजन नसलेल्या गाळात ते हायड्रोजन सल्फाईड बनवतात आणि लोह मिळालं की पायराईट जमतो. दिसतो सोन्यासारखा, पण दमट हवेत सडायला लागतो आणि त्यातून सल्फ्युरिक ॲसिड सुटतं. वरून पॅरालॉईड बी-७२ चा (जीवाश्मावर लावायच्या पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचा) हात मारला होता, काही उपयोग नाही, ओल आतच होती. उरलेले दोन आता सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात, आत ओल मोजायला छोटा हायग्रोमीटर, आणि चुनखडीतल्या शिंपल्यांपासून लांब, कारण ॲसिड लागलं तर तेही जातील.

अंबरचं (जीवाश्म झालेल्या झाडाच्या राळेचं) थोडक्यात. माशीवाला तुकडा मिठाच्या पाण्यात मस्त तरंगला म्हणून खूश होतो, पण कोपलही (अंबरपेक्षा बरीच कोवळी राळ) तरंगतं हो, ती टेस्ट फारतर काही प्लास्टिक पकडते. मग मागच्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब टाकला, कापसाचे तंतू चिकटून बसले, म्हणजे कोपलच. राळ पुरती पिकलेली नाही, बाल्टिक अंबरसारखी ४ कोटी वर्षांची तर नाहीच नाही. माशीचे पंख मात्र लुपखाली इतके स्वच्छ दिसतात की वाईट वाटणं तिथेच संपलं, फक्त लेबल बदललं.

चार गोटे परत फ्रीजरमध्ये गेलेत. एकाला कडेने केसाएवढी चीर दिसतेय.