देवघेवीच्या टेबलामागून

ग्रंथालय संघाच्या, म्हणजे वाचनालयांच्या संघटनेच्या, अधिवेशनात पहिलं भाषण हमखास इतिहासाचं असतं. 1848 साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. 1911 मध्ये पुणे मराठी ग्रंथालय आलं. मग सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात उभारलेली ग्रंथालयं, मग ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन. टाळ्या, चहा, पुढचं सत्र. हा इतिहास मला मनापासून आवडतो. फक्त त्यात संस्थापक असतात, देणगीदार असतात, अध्यक्ष असतात, आणि कपाटातून पुस्तक काढून देणारं माणूस नसतं. मी पेठेतल्या एका वाचनालयात देवघेवीला बसते, म्हणून हे जरा जास्तच जाणवतं.

आमचं वाचनालय ‘इतर ब’ वर्गाचं. बाहेरच्यांना ही भाषा कळत नाही म्हणून सांगते. सरकारमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि त्यांतही जिल्हा, तालुका, इतर अशी उतरंड. पुण्यात राहता म्हणून तुम्ही ‘जिल्हा’ होत नाही, ते पद एकालाच. बाकीचे आम्ही सगळे ‘इतर’.

आमचे एक जुने सभासद आहेत, रोज संध्याकाळी रहस्यकथा बदलायला येतात. दर दिवाळीला ते विचारतात, “ताई, तुम्हाला बोनस मिळाला का? तुम्ही सरकारी ना?” मी हसून “नाही हो काका” म्हणते. पुढे काय सांगणार? आम्ही सरकारी नाही. आणि पुरत्या खासगीही नाही, कारण आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदवतात त्या दाखल नोंदवहीपासून सभासदांच्या वर्गणीपर्यंत सगळं सरकार तपासून जातं.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला 1939 पर्यंत मागे जावं लागतं. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळानं आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि थेट गावापर्यंत साखळी हवी, असं समितीनं 1940 च्या अहवालात मांडलं. पण तोवर महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळानं राजीनामा दिला होता, अहवाल पडून राहिला. 1947 नंतर त्यातला काही भाग अमलात आला. विश्रामबागवाड्यातलं विभागीय ग्रंथालय हे त्याच साखळीतलं. तिथे अभ्यासाला बसणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

कायदा मात्र लांबत गेला. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता, देशातला पहिला. मद्रासनं 1948 मध्ये केला. महाराष्ट्राचा आला 1967 मध्ये. त्यासाठी ग्रंथालय संघांनी वर्षानुवर्षं ठराव केले, निवेदनं दिली, मंत्र्यांना अधिवेशनांना बोलावून हार घातले. (हार घालणं हीसुद्धा कामाची एक पद्धत आहे, तिला हसू नये.) कायद्यानं ग्रंथालय संचालनालय मिळालं, राज्य ग्रंथालय परिषद मिळाली, सरकारनं ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असं कलम मिळालं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

मिळाला नाही तो कर. मद्रासच्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकानंही 1965 च्या कायद्यात उपकर ठेवला. आपल्याकडे ती वाट घेतलीच नाही. सरकारनं स्वतः गावोगाव ग्रंथालयं काढण्याऐवजी, लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अनुदान द्यायचं ठरवलं. त्याचा फायदा नाकारणं खोटेपणा होईल: राज्यात बारा हजारांच्या आसपास वाचनालयं उभी राहिली, ती याच वाटेनं. मंडळाची, तालमीजवळची, देवळाच्या ओवरीतली. पण अनुदान संस्थेला मिळतं. त्यातून नोकराला किती द्यायचं, कसं द्यायचं, म्हातारपणी त्याचं काय, हे कोणीच अंगावर घेतलं नाही.

आता आकडे. 2022 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं, त्याआधीची वाढ 2012 ची. टक्केवारी ऐकून नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. त्या वाढीनं ‘इतर ब’चं वार्षिक अनुदान 1,92,000 वरून 3,07,200 झालं. निम्मं वेतनासाठी, निम्मं पुस्तकं, वीज, भाडं वगैरेसाठी. आम्ही तिघं आहोत. भागाकार करा, महिन्याला माणशी सव्वाचार हजारांच्या आसपास येतात. खेड्यातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालय घ्या: वर्षाला 30,000 चे 48,000 झाले, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिना दोन हजार. आणि तेही दरमहा नाही, हप्ता येईल तेव्हा. किराणावाला मात्र दरमहाच मागतो.

या प्रश्नावर समित्या झाल्या नाहीत असं नाही. व्यंकप्पा पत्की समितीनं वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींच्या शिफारशी केल्या. तिचं नाव आमच्यात घोषणेसारखं घेतलं जातं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा गेला की फलकावर पत्की असतातच. दुसऱ्या बाजूला 2012 ची पडताळणीही आहे. महसूल खात्याची माणसं राज्यभर वाचनालयं बघत फिरली, आणि काही वाचनालयं नुसती कागदावरच असल्याचं निघालं. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल थांबले. चार जणांनी कुलूपबंद खोली दाखवून अनुदान खाल्लं आणि शिक्षा चालू वाचनालयांना झाली, यावर मी अजूनही चिडते. पण संघांनी तेव्हा आपल्या घरातली घाण स्वतः झाडली असती तर सरकारला निमित्त मिळालं नसतं, असंही मला वाटतं.

संघाचे उपकार मात्र खूप आहेत. जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रशिक्षण वर्गातच मी तालिका, म्हणजे पुस्तकांची पद्धतशीर सूची, करायला शिकले. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 ते 829 अशी अख्खी आळी, आणि ज्ञानेश्वरांपासून आजच्या कवीपर्यंत सगळ्या मराठी साहित्याला 891.46 ची एक खोली. सर ते फळ्यावर लिहायचे तेव्हा वर्गात हमखास हशा व्हायचा. तो वर्ग नसता तर पुस्तकं मी आजही लेखकाच्या नावानं नुसती रचत बसले असते.

अडचण वेगळीच आहे. संघाच्या सभासद असतात संस्था. सभेला प्रतिनिधी म्हणून जातात कार्यवाह नाहीतर अध्यक्ष. माणसं भली असतात, पदरमोड करून वाचनालय चालवतात, पण माझ्या पगाराच्या प्रश्नात ते मालक आहेत. अनुदान वाढवा, या मागणीवर ते आणि मी एकाच ओळीत उभे राहतो. अनुदानातलं वेतन थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करा म्हटलं की ओळ तुटते. म्हणून तर कर्मचाऱ्यांना वेगळे संघ काढावे लागले, आणि मग सरकारकडे दोन निवेदनं, दोन शिष्टमंडळं, दोन तारखा.

येत्या सभेसाठी मी एक ठराव लिहून दिला आहे: प्रत्येक वाचनालयाच्या दोन प्रतिनिधींपैकी एक पगारी कर्मचारी असावा. आमच्या कार्यवाहांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, “मॅडम, ठराव चांगला आहे, पण त्या दिवशी देवघेव कोण बघणार?” मी सांगितलं, अध्यक्षांना बसवा, संध्याकाळी सहा ते आठ. अनुमोदक अजून मिळालेला नाही. हडपसरकडच्या एका ‘क’ वर्गातल्या ताई बघते म्हणाल्या आहेत.