गुरुपौर्णिमेला खुर्चीवर तांडेल

जयगडच्या खाडीकाठच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान आणि भूगोल शिकवत होते, तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक. गावात सगळे त्यांना हेडसर म्हणत.

पलीकडच्या वाड्यांतली मुलं तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, शाळेत यायची. ओहोटी असली की होडी धक्क्याला लागत नसे, गुडघाभर गाळ तुडवत यावं लागे आणि उशीर ठरलेला. आधीच्या शिरस्त्याप्रमाणे या मुलांच्या हजेरीपुढे लाल शेरा पडायचा. हेडसरांनी पहिल्याच पावसाळ्यात तो बंद केला. शेऱ्याऐवजी एक वही ठेवली. धक्क्यावर आलेल्या मुलानं तिथी लिहायची आणि पाणी कुठे होतं, चढत होतं की उतरत होतं, ते वेळेसकट लिहायचं. धक्क्याजवळ राहणारी मुलं दिवसाची पूर्ण भरती कधी झाली तेही नोंदवू लागली, अगदी रविवारीसुद्धा. उशिरा येणारी मुलं आता वर्गात मान वर करून येत. नुसत्या एवढ्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानलं असतं.

पण सांगायचं आहे ते पुढच्या गुरुपौर्णिमेचं. दरवर्षी त्या दिवशी फुलं, भाषणं, शिक्षकांच्या पाया पडणं असायचं. त्या वर्षी हेडसर आदल्या संध्याकाळी खारवीवाडीत जाऊन आले. सकाळी पाहते तर मुख्य खुर्चीवर वाडीतले म्हातारे तांडेलकाका. तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख. पावसामुळे मासेमारी बंद होती, होड्या शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे काकांना सवड होती. पण शाळेत बसायला ते फार संकोचत होते. सरांनी स्वतः त्यांना हार घातला आणि नववीच्या वर्गात नेलं. म्हणाले, "बाई, आज तुमचा तास काका घेतील."

काकांनी एवढंच सांगितलं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. आज पुनव, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्यांना तोंडपाठ. मुलं बोटांवर मोजेपर्यंत त्यांचं उत्तर तयार असायचं. भरती-ओहोटीचा धडा मुलांनी आधीच्या इयत्तेत शिकलेला होता, चंद्राचं आकर्षण वगैरे सगळं पाठ होतं. पण त्यावरून आज पाणी कधी चढेल हे कोणाला सांगता येत नव्हतं.

मागच्या बाकावरची, तरीनं येणारी एक मुलगी उभी राहिली. वही तिच्याच हातात होती. "काका, आज सव्वाअकरा. उद्या प्रतिपदा, एकाची पाऊणपट म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तास? मागच्या पुनवेनंतर तर पाणी दीड तास पुढे गेलं नव्हतं. वहीत तासाच्या आतच आहे."

वर्ग गप्प. मोठ्या माणसाला, तेही गुरुपौर्णिमेला, असं विचारलेलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तो अजून दिसतो. ते मध्ये पडले नाहीत, काकांकडे पाहत राहिले. काका हसले. "पोरी, उद्या धक्क्यावर ये. पाणी काय सांगतंय ते बघू."

दुसऱ्या दिवशी दोन तास रद्द करून अख्खी नववी पावसात धक्क्यावर. पाऊण वाजायच्या बऱ्याच आधी पाणी थांबलं आणि उतरायला लागलं. काकांनीच आधी मान डोलावली.

मग सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथी, तेवढ्यात भरतीची वेळ बारा तास सरकते आणि घड्याळात पुन्हा तिथेच येते. म्हणजे एका तिथीला सरासरी 48 मिनिटं. पाऊणपटीत धरतात 45. दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतात, पंधरा तिथींची झाली 45. ती सगळी थकबाकी प्रतिपदेच्या सांध्यावर एकदम वसूल होते. तिथली रोजची 45 आणि ही 45 मिळून दीड तास! त्या मुलीनं नेमका सांधाच पकडला होता.

"मग काकांचा हिशोब चुकीचा?" एकानं विचारलं. सर म्हणाले, "हलत्या होडीत, अंधारात, पाटी-पेन्सिल नसताना 48 नं गुणून दाखव." पाऊणकी पाठ असणाऱ्या माणसानं तोंडी करायचा हा हिशोब आहे, आणि तो माणूस धक्क्यावर आधीच येऊन पाणी बघतो, हे त्यांनी मुलांना नीट समजावलं. काकांचा मान राहिला, मुलीची शंकाही राहिली. मी पुढे कितीतरी शाळा पाहिल्या, दोन्ही एका तासात सांभाळणारा मुख्याध्यापक मला दुसरा भेटला नाही.

सहामाहीच्या पेपरात सरांनी प्रश्न घातला: अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात द्वादशीला दिवसा पायी केव्हा जाता येईल? भरती नऊला, म्हणून ओहोटी तीनच्या सुमारास, हे बहुतेकांना आलं. त्या एका प्रश्नाचे पेपर तपासायला सरांनी माझ्या शेजारी काकांना बसवलं. मी उत्तरं वाचून दाखवायची, गुण काकांनी द्यायचे. तीन लिहिणाऱ्यांना त्यांनी निम्मेच दिले. पूर्ण गुण मिळाले ते ज्यांनी पाणी उतरत असतानाच निघायचं आणि चढायला लागण्याआधी किनाऱ्यावर परत यायचं, असं लिहिलं होतं त्यांना.