"बाई, मागच्या वर्षी पण मलाच खान केलं होतं."

गॅदरिंगच्या नाटकासाठी मुलं निवडत होते. प्रतापगडाचा प्रसंग. अफझलखान कोण होणार, हे विचारायच्या आतच चौथीचा अख्खा वर्ग मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागला. तिथला मुलगा उठला, दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत खालमानेनं एवढंच बोलला. तक्रारीचा सूर नव्हता.

मग हळूच म्हणाला, "मला मावळा व्हायचंय. चालेल का?"

चालेल का! नऊ वर्षांच्या पोराला मावळा व्हायला परवानगी मागावी लागते, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, १६५९ च्या त्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. आरमारात दौलतखान होता. फारसी पत्रव्यवहार काझी हैदर बघायचे. आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. पोरं कान टवकारून ऐकत होती. त्यानं पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं 'सिद्दी इब्राहीम' लिहिलं, मग तेच परत गिरवलं.

त्याला मावळा केलंय. सिद्दी इब्राहीमच.

पण हा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय. "त्यांचं सैन्य", "आपलं सैन्य" हे माझ्या तोंडून किती सहज निघतं, ते आज पहिल्यांदा मलाच ऐकू आलं. तेव्हा शेवटच्या बाकावरचं पोर स्वतःला कुठल्या बाजूला मोजत असेल?