टोपीचं पोट

परवा रविवारी इंदूरला, रामबागेतल्या घरी पोहे-जिलेबी आटोपली आणि भाचीने कालचा पेपर ओढला, म्हणे मामा होडी शिकव. मला वाटलं दोन मिनिटांचं काम. टोपीपर्यंत पोरगी मस्त आली, पण पुढे टोपीचं पोट उघडून दोन टोकं एकमेकांवर आणायची आणि चौकोन करायचा ना, तिथे गाडी अडली, आणि मी आपला "अगं असं कर, असं" एवढंच बोलतोय, कारण असं म्हणजे कसं ते मलाही बोटांशिवाय सांगता येईना.

शेवटी तिचा कागद घेऊन पूर्ण उघडला, तर त्यावर सगळंच लिहिलेलं! एक घडी दोनदा घातलेली, एक तिरकी जाऊन परत आलेली, आणि मधे चुरगाळलेला पट्टा, म्हणजे बाईसाहेब वैतागल्या ती जागा. वहीतली चूक खोडता येते, कागदाला पडलेली रेघ काही जात नाही. माणूस शिकतो कसा हे बघायचं असेल तर याहून स्वस्त सामान कुठलं मिळणार.

मानसशास्त्रवाल्यांनी तर कागदाला हात न लावता घड्या घालायला लावल्यात. १९७२ साली शेपर्ड आणि फेंग यांनी लोकांना सहा चौकोनांची चित्रं दाखवली, घड्या घातल्या की ठोकळा होईल अशी, दोन कडांवर बाण, आणि विचारलं बाण एकमेकांना भिडतील का? सगळं मनातच करायचं, तरी जितक्या घड्या जास्त आणि घडीबरोबर जितके जास्त चौकोन वळवावे लागतील तितका उत्तराला उशीर. म्हणजे डोकंही बिचारं हातासारखं एकेक घडी घालत बसतं. आणि आपल्याकडे मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्येच कागदाच्या घड्यांवर भूमितीचं अख्खं पुस्तक लिहिलंय, कल्पना सुचली ती बालवाडीतल्या घड्यांच्या खेळावरून. मला शाळेत भूमिती अशी शिकवली असती तर, जाऊ दे.

हे सगळं चालू असताना आजी पलीकडे बसून ताई सासरी नेणार म्हणून जीरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी बांधत होती, बघतही नव्हती हाताकडे. भाचीने विचारलं, आजी शेवटचं टोक कुठे खोचलंस? आजी म्हणाली, "थांब, मला आठवत नाही, दुसरा कागद दे." दुसरा कागद येईपर्यंत मला राहवलं नाही, मी बांधलेली पुडी उलगडली. एकही जास्तीची रेघ नाही. जीरावन मात्र सगळं सतरंजीवर.