कुशीवर वळताना येणारी चक्कर : निदानापर्यंतचा माझा अनुभव

पहाटे अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की छत, पंखा, खिडकी सारे गरगर फिरू लागे आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात आपोआप थांबे. मळमळ मात्र दुपारपर्यंत रेंगाळत असे. घरच्यांनी आधी पित्तावर संशय घेतला. फॅमिली डॉक्टरांनी माझा रक्तदाब झोपलेली असताना आणि उभे केल्यावर असा दोन्ही वेळा मोजला, कारण उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्यानेही घेरी येऊ शकते. तसे काही आढळले नाही. साखर आणि हिमोग्लोबिनही ठीक निघाले. पुढे एका ठिकाणी मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. पन्नाशीनंतर अशी झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते. तेवढ्यावरून चक्करेचे मूळ मानेत आहे असे ठरवणे मला घाईचे वाटते. गोळ्यांनी गुंगी तेवढी आली.

खरी दिशा मिळाली ती कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या प्रश्नांमुळे. खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, किती वेळ टिकते, कोणत्या हालचालीने सुरू होते, ऐकू कमी येते का, हे सारे त्यांनी सावकाश विचारले. मेनिएर या कानाच्या विकारात चक्कर निदान २० मिनिटे, कधी कित्येक तास टिकते आणि कानात आवाज येतो, ऐकू कमी येते; तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली तर चक्कर दिवसचे दिवस राहते. माझी चक्कर यांपैकी कशातच बसत नव्हती.

मग त्यांनी मला टेबलावर पाय लांब करून बसवले, मान उजवीकडे ४५ अंशांत वळवली आणि डोके कडेखाली किंचित लोंबेल असे झटकन मागे झोपवले. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही चाचणी आहे. ‘काकू, डोळे मिटू नका,’ ते म्हणाले. काही सेकंद काहीच झाले नाही आणि मग खोली फिरली. माझी बुबुळे उजव्या कानाकडे पीळ घेत वर उसळत असल्याचे शेजारी उभ्या मुलाने पाहिले. डावीकडे तसे झाले नाही. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागेवरून सुटून उजव्या बाजूच्या, तोलाची जाणीव देणाऱ्या मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. एप्ली यांच्या पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने फिरवून, प्रत्येक स्थितीत थोडे थांबून, ते कण तिथून बाहेर काढण्यात आले आणि त्या रात्री मी निर्धास्तपणे कूस बदलली.

काही महिन्यांनी पुन्हा त्रास झाला, पण या वेळी दोन्ही कुशींवर. डॉक्टरांनी जुन्या निदानावर विसंबून न राहता उताणे झोपवून डोके दोन्हीकडे वळवण्याची वेगळी चाचणी केली. कण आता आडव्या नलिकेत होते आणि त्यासाठी उपचाराची हालचालही वेगळी होती. एमआरआयची गरज त्यांना दोन्ही वेळा वाटली नाही. बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा आधाराशिवाय चालता न येणे, यांपैकी काहीही चक्करेसोबत आले तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे, असे मात्र त्यांनी मला लिहून दिले.