बस्त्याला नाशिक, सोबत चवळी

भाचीचं लग्न ठरलं आणि बस्ता नाशिकलाच बांधायचा असं वहिनीने जाहीर केलं. भाऊ-वहिनी कॉलेज रोडला राहतात, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता चवळीचा. तिला एरवी सांभाळणारे शेजारचे काका नेमके गावी गेलेले, आणि पाळणाघरात ठेवली की ती अन्नाला तोंड लावत नाही. मग डोंबिवलीहून निघताना ती गाडीत आलीच. चवळी म्हणजे आमची डॅशहंड जातीची कुत्री. नावावर जाऊ नका, चवळीची शेंग ती कुठल्याच अंगाने नाही. आखूड पाय, लांब पाठ, आणि नाक कायम जमिनीपासून चार बोटं वर.

छोटं कुत्रं घेऊन नाशिकच्या बाजारात फिरता येतं का, असं निघण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी ‘कशाला पण?’ एवढंच उत्तर दिलं. म्हणून हे लिहितेय. थोडक्यात सांगायचं तर जुन्या बाजारात येतं, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा सोपं जातं. दुकानदार त्रास देत नाहीत. त्रास होतो तो रस्त्यावर सांडलेल्या गोष्टींचा, उन्हाचा आणि गल्लीतल्या इतर कुत्र्यांचा.

आधी प्रवास. रेल्वेत कुत्र्याला आपल्याजवळ बसवायचं तर फर्स्ट क्लासचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. तीन तासांसाठी तिला पेटीत कोंबायचं मनाला पटेना, म्हणून गाडीनेच गेलो. कसारा घाटाच्या वळणांत कुत्र्यांना हमखास मळमळतं. निघायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र चालेल. घाट चढून गेल्यावर इगतपुरीजवळ थांबून पाय मोकळे करू द्या. गाडीत छातीच्या पट्ट्याला सीट बेल्टचा हुक लावलेला बरा, मांडीवर मोकळं ठेवू नका.

जुन्या बाजारातल्या मेन रोडवर गाडी नेण्याच्या फंदात पडू नका. आम्ही कॉलेज रोडवरून रविवार कारंज्यापर्यंत रिक्षाने गेलो. शेअर रिक्षात अनोळखी माणसाच्या मांडीला कुत्र्याचं नाक लावणं योग्य नाही, स्पेशल ठरवा आणि बसायच्या आधी विचारा. आमच्या रिक्षावाल्या दादांनी एकच प्रश्न केला, “मावशी, सीटवर काही करणार नाही ना?” मी पिशवीतून जुनी चादर काढून सीटवर अंथरली, विषय तिथेच मिटला. चादर जवळ असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

दुकानं उघडली की लगेच पोचा. भवानीच्या वेळेला गर्दी नसते, मालक निवांत असतो, आणि डांबर तापलेलं नसतं. पहिल्याच कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या आजोबांना मी पायरीखालूनच विचारलं, “कुत्रं आहे बरोबर, आत आणलं तर चालेल?” त्यांनी चष्मा वर करून चवळीकडे बघितलं. “आज गुरुवार. दत्ताच्या पायाशी चार असतात, इथे एक आलं तर काय बिघडलं? पण खाली सोडू नका.”

हे ‘खाली सोडू नका’ पुढे जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकलं. पाय जमिनीला लागले की ते कुत्रं, कडेवर असलं की पाहुणं, असा एकूण हिशेब दिसला. तेव्हा पायरीवरून विचारायचं, आणि विचारताना ते उचललेलंच असलं पाहिजे. आत शिरून, मग ‘चालेल ना?’ विचारणाऱ्याला नकारच मिळतो आणि तो रास्तही असतो. गिऱ्हाईकांत कुणी घाबरणारं असेल तर आपण बाहेर पडायचं. एका बाईंच्या लहान मुलाने चवळीला बघून भोकाड पसरलं, मी लगेच फुटपाथवर गेले, खरेदी वहिनीने केली.

साड्यांच्या दुकानाचा मुद्दा वेगळा आहे. जिथे चपला काढून पांढऱ्या गादीवर बसायचं असतं आणि समोर घडीमागून घडी उलगडली जाते, तिथे कुत्र्याला गादीवर टेकवायचंच नाही. मलाही आधी वाटलं, केसांमुळे म्हणत असतील. पण साड्या दाखवणाऱ्या काकांनी पैठणीचा पदर उलटा करून दाखवला. विणकामातला जरीचा एक धागा नखात अडकला तर तो ओढला जातो आणि तिथे बारीक चुणी पडते, मग ती साडी विकली जात नाही. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीची किंमत बघता कुणीही इतकी काळजी घेईल. चवळीची नखं चार दिवस आधी कापून घासून घेतली होती, तरी मी तिला झोळीतच ठेवली. झोळी म्हणजे जाड खादीची, तळाशी पुठ्ठा घातलेली, डोकं तेवढं बाहेर. डॅशहंड असेल तर हा पुठ्ठा विसरू नका. यांच्या लांब पाठीचे मणके नाजूक असतात, झोळीत मध्येच वाकून लटकलं की दुखापत होते. उचलतानाही एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. बगलेत धरून उचलणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

दुपारी भाचीला मॉलमध्ये जायचं होतं. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने नम्रपणे ‘पेट अलाउड नाही, मॅडम’ सांगितलं. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर बरंच झालं. सरकत्या जिन्याच्या फटीत छोट्या कुत्र्याची बोटं अडकतात, आणि तिथल्या गुळगुळीत फरशीवर आखूड पायांची पार त्रेधा उडते. कुठल्या मॉलमध्ये चालत असेलच, तर आधी फोन करून विचारा आणि लिफ्टच वापरा. किराणा, मिठाई, फरसाण, हॉटेल यांच्याकडे मात्र विचारूही नका. जिथे अन्न बनतं, उघडं हाताळलं जातं, तिथे प्राणी नकोत हा अन्नसुरक्षेचा नियम आहे, दुकानदाराची मर्जी नव्हे. चिवडा घ्यायला एकाने काउंटरवर जायचं, दुसऱ्याने रस्त्यापलीकडे कुत्रं धरायचं. म्हणजेच या सगळ्या उद्योगाला दोन माणसं लागतात. एकट्याने जाऊ नका. बाहेर खांबाला बांधून ठेवणं तर सोडाच.

गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ हा प्रकारही नको. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात चाळिशीच्या वर जातं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. पग, शिह त्झूसारखी चपट्या नाकाची असतील तर त्यांना तेही नीट जमत नाही.

आता नाशिकचा खास धोका. आम्ही गेलो ते फेब्रुवारी संपता संपता. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, हातगाड्यांवर ढीग, आणि प्रत्येक गाडीभोवती घडातून गळलेल्या मण्यांचा सडा. आपण पायाने बाजूला सारतो, पण ज्याचं नाक जमिनीला लागलेलं आहे त्याच्यासाठी ती पंगतच मांडलेली असते. आणि द्राक्ष कुत्र्याला विष आहे. मूत्रपिंडं निकामी होतात. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असा अलीकडचा अंदाज आहे. एखादं कुत्रं घोसभर पचवतं, दुसरं थोडक्यात आडवं होतं, त्यामुळे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायची सोय नाही. मनुके, बेदाणेही तसेच, उलट वजनाच्या मानाने जास्तच घातक. गाडीवाले दादा प्रेमाने ‘घे गं बाळ’ म्हणत मणी पुढे करतात, त्यांना हसून पण ताबडतोब थांबवा. खाल्लंच तर उलटी, सुस्ती दिसायची वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. उतरलात तिथल्या जवळच्या पशुवैद्याचा नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घालून ठेवा.

जिल्ह्याचं दुसरं भूषण कांदा, तोही यांना चालत नाही. कच्चा, तळलेला, वाळवलेला, कसाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर आपण काय खाल्लं होतं ते विसरलेले असतो. म्हणजे चिवड्यातला तळलेला कांदा गेला, मिसळीचा रस्सा गेला, भज्यांचा चुरा गेला. नाशिकला येऊन बिचारीला खाता येण्यासारखं फारसं काही उरत नाही. आम्ही घरून उकडलेल्या चिकनचे तुकडे डबीत नेले होते. द्राक्षाची गाडी दिसली की डबी वाजवायची, तिची मान वर. कुठल्याही ओरडण्यापेक्षा हे चाललं.

बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, आठवडे बाजार भरतो, तो वहिनीने पिशवी घेऊन एकटीने केला. तिथे भाजी जमिनीवर गोणपाटावर मांडलेली असते. कोथिंबिरीच्या जुड्यांवर कुत्र्याने पाय ठेवला तर विकणाऱ्या मावशी जे बोलतील ते ऐकून घ्यावं लागेल, आणि चूक आपलीच असेल. रामकुंडावरही नेऊ नये असं माझं मत. लोक अस्थी घेऊन, पिंडदानाला आलेले असतात, पानावर भात मांडून कावळ्याची वाट बघत असतात. तिथे आपल्या हौसेला जागा नाही. २०२७ च्या सिंहस्थात तर त्या बाजूला कुत्रं न्यायचा विचारही करू नका.

सगळ्यात मजा आली ती भांडी बाजारात. दुकानं रस्त्याकडे उघडी, आत फरशी, बाहेरपर्यंत आलेले हंडे-कळशा, कुत्र्याच्या केसांनी बिघडण्यासारखं काही नाही. रुखवतासाठी पितळी समई, तांब्याची घंगाळी आणि एक जाडजूड पातेलं घ्यायचं होतं. तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात, त्यामुळे दुकानात मोठा काटा होताच. पातेलं तोलून झाल्यावर मालक म्हणाले, “ताई, हिलाही तोलून बघू का?” चादर घालून चवळीला ठेवलं. आठ किलो सहाशे. डॉक्टरांनी आठच्या वर जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. मालक गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “पितळेच्या भावाने परवडणार नाही तुम्हाला.” दुकानातले सगळे हसले, भाऊ सोडून, कारण पुढचा तासभर तिला कडेवर घेऊन फिरायची पाळी त्याची होती. तेव्हा ‘छोटं कुत्रं आहे, उचलून घेऊ’ म्हणण्याआधी घरच्या काट्यावर एकदा बघा आणि तेवढी साखर खांद्याला लावून गल्लीतून एक चक्कर मारा.

आवाजाचं मात्र भान ठेवा. एखादं पातेलं फरशीवर आपटलं किंवा कुणी तांब्यावर हातोडी चालवायला घेतली की कुत्र्याच्या कानाला ते आपल्यापेक्षा फार जास्त टोचतं. चवळी पहिल्या ठोक्यालाच झोळीत गडप झाली. ठोकाठोकी चाललेल्या दुकानांपासून चार हात लांब राहा. भाव करायला आपलं माणूस पाठवा.

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल. जुन्या नाशकात प्रत्येक वळणावर आपापली टोळी असते, आणि भद्रकालीकडे मटण-मासळीच्या वासाने ती जास्तच जागी असते. आम्ही तिकडे गेलोच नाही. समोरून टोळी दिसली तर ती लांब असतानाच आपलं कुत्रं उचला. अगदी जवळ आल्यावर उचललं तर ती उड्या मारतात. धावू नका, उभ्या गाडीच्या किंवा दुकानाच्या आडोशाला जा आणि आपल्या कुत्र्याचं तोंड दुसरीकडे फिरवा. एका ठिकाणी दोन तगडी कुत्री चवळीवर गुरगुरायला लागली, तर पानवाल्याने नुसती काठी खांबावर आपटली, ती त्याची रोजचीच असावीत. लांब सुटणारी गुंडाळी-दोरी इथे निरुपयोगी आहे. चार फुटांचा साधा पट्टा आणि छातीला बांधायचा हार्नेस, बास.

रेबीजच्या लसीचं कार्ड बरोबर हवंच. मूळ कागद नको असेल तर मोबाइलमध्ये फोटो ठेवा. कुणाला ओरखडा उठलाच तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग दवाखाना. ‘आमच्याला लस दिलीय’ म्हणून समोरच्याला घरी पाठवू नका. शी उचलायला कागदी पिशव्या न्या. त्या टाकायला कचरापेटी चटकन सापडत नाही, म्हणून वर एक झाकणाचा डबाही.

संध्याकाळच्या गर्दीत चवळीला नेलंच नाही. पाचनंतर मेन रोडवर माणसाचा पाय माणसाला दिसत नाही, तिथे जमिनीलगतचं जनावर कुणाला दिसणार? सराफ बाजार मोठ्या माणसांनी तेव्हाच उरकला, ती भाचीजवळ घरी झोपली. आणि भांडी उचलून आणायची घाई करू नका. पूर्ण पैसे दिले की बरेच दुकानदार टेम्पोने घरपोच पाठवतात, आमचीही दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पावतीवर प्रत्येक नगाचं वजन वेगळं लिहून घ्या. आमच्या पावतीवर समई आणि घंगाळ्यांचं एकत्र लिहिलं होतं, ते मालकांनी फोनवर एका मिनिटात दुरुस्त करून दिलं.